निळे खडे, गुलाबी खडे: ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या प्रकल्पाच्या नोंदी

२४ जून

विषय ठरला. मॅडमनी वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून दिला: "लघवीच्या नमुन्यांतील ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंमध्ये ईएसबीएल व कार्बापेनेमेजचा शोध, उपलब्ध साधनांनी." ईएसबीएल आणि कार्बापेनेमेज म्हणजे जंतूंकडची, अँटिबायोटिक तोडणारी एंझाइमं. विषयाचे शेवटचे दोन शब्द मी अधोरेखित केले. उपलब्ध म्हणजे एक इन्क्युबेटर, एक ऑटोक्लेव्ह, एक फ्रीज, एक डीप फ्रीजर, लॅमिनार आणि लॅबचे मामा. पीसीआरचं यंत्र आहे, पण प्रायमरला पैसे नाहीत. म्हणजे जीन कुठला ते कळणार नाही. जंतू काय करतो तेवढंच बघायचं.

मी आटपाडीची. घरी डाळिंब आहे. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनच्या मिश्रणाच्या पुड्या पत्र्याच्या खोलीत लहानपणापासून बघत आले. तेल्या (डाळिंबावरचा डागांचा रोग) दिसला की पंपात पडायच्या. तेल्याचा झँथोमोनासही ग्रॅम-निगेटिव्हच, हे मला बी.एस्सी.ला कळलं. त्या दिवशी आण्णांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "मग औषध बरोबरच मारत होतो की!" विषय तिथंच संपला.

२८ जून

मिरजेच्या एका खासगी लॅबनं मदत करायचं कबूल केलंय. त्यांच्याकडे रिपोर्ट होऊन गेलेल्या प्लेटवरची कॉलनी स्लँटवर (तिरक्या आगरच्या नळीत) घ्यायची, पेशंटचं नावगाव काही नाही, फक्त नंबर. तिथले सर म्हणाले, "वेगळं काही दिसलं की तुमच्यासाठी बाजूला ठेवतो." १८९४ मध्ये विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचंच. आजही बरेच पेशंट कर्नाटकातून येतात, त्यामुळे नमुन्यांना तोटा नाही.

थर्मोकोलचा डबा मांडीवर घेऊन बसमधून आले. शेजारच्या आजींनी विचारलं, "मासं हाय का?" मी हो म्हणाले.

३ जुलै

पहिली हात-बसवणी. जंतू वापरला तो साधा, सगळ्या औषधांना बळी पडणारा कंट्रोल, ई. कोलाय एटीसीसी २५९२२. आगरवर जंतू पसरून औषधाच्या डिस्क ठेवायच्या; डिस्कभोवती जंतू वाढत नाही तो गोल म्हणजे झोन. या कंट्रोलचे झोन किती यायला हवेत ते सीएलएसआय या अमेरिकी संस्थेच्या तक्त्यात दिलेलं असतं: जेंटामायसिन १९ ते २६ मिलिमीटर, सेफ्टाझिडिम २५ ते ३२.

माझे आले २८ आणि ३५.

म्हणजे आमच्याकडे जंतू जास्तच लवकर मरतायत. आनंद व्हावा अशी गोष्ट नाही. अशा प्लेटवर खरा रेझिस्टंट, म्हणजे औषधाला न जुमानणारा जंतू लावला तर तो सेन्सिटिव्ह, म्हणजे मरणारा दिसेल, आणि ही चूक उलट्या चुकीपेक्षा वाईट.

सगळ्याच औषधांचे झोन एकदम मोठे झाले, म्हणजे दोष एखाद्या डिस्कचा नाही. पीएच बिघडला असता तर काही औषधांचे झोन वाढले असते, काहींचे घटले असते. उरतात दोन शक्यता: जंतूंचं पाणी पातळ झालं, नाहीतर आगर पातळ ओतला.

पाणी तपासलं. ०.५ मॅकफार्लंड म्हणजे बेरियम क्लोराइड आणि सल्फ्युरिक ॲसिड मिसळून केलेला गढूळपणा. त्याच्याशी आपलं द्रावण जुळवलं की एका मिलिलिटरला साधारण १ ते २ कोटी नव्हे, १० ते २० कोटी जंतू येतात. (पहिल्यांदा मी वहीत एक शून्य खाल्लं होतं. खोडून लिहिलंय.) स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ६२५ नॅनोमीटरला ०.०९ आलं. ०.०८ ते ०.१३ मध्ये बसतं. द्रावण ठीक.

मग आगर. म्युलर-हिंटनचा थर ४ मिलिमीटर हवा. पातळ थरात औषध खाली न जाता आडवं पसरतं आणि झोन फुगतो. जादाची एक प्लेट सुरीनं कापून पट्टी लावली. एका कडेला ३, समोरच्या कडेला जवळजवळ ५.

मामा मागून बघत होते. म्हणाले, "ताई, ह्यो कट्टाच वाकडा हाय. गोटी ठेवली तर खिडकीकडं पळतीया."

५ जुलै

मामांचे मेव्हणे गवंडी आहेत. त्यांची पाणसळ आली. बुडबुडा खरंच खिडकीकडे. कट्ट्याच्या त्या टोकाला काचेखाली पुठ्ठ्याच्या दोन घड्या घातल्या, बुडबुडा मध्ये आला. आता नव्वद मिलिमीटरच्या प्लेटमध्ये २५ मिलिलिटर, मोजून, अंदाजानं नाही. जेंटामायसिन २३, सेफ्टाझिडिम २९.

पाणसळ परत द्यायला मामा तयार नाहीत.

१० जुलै

ईएसबीएलचा पहिला घाणा.

ही एंझाइमं पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन या औषधांमधली बीटा-लॅक्टम कडी तोडतात. सेफोटॅक्झिम, सेफ्टाझिडिम अशी तिसऱ्या पिढीची औषधंही सुटत नाहीत. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड मात्र या एंझाइमांनाच अडकवून ठेवतं. चाचणी याच भांडणावर उभी आहे. एका प्लेटवर नुसत्या सेफ्टाझिडिमची ३० मायक्रोग्रॅमची डिस्क आणि शेजारी सेफ्टाझिडिम-क्लॅव्ह्युलॅनेटची ३०/१० ची. सेफोटॅक्झिमची अशीच जोडी. क्लॅव्ह्युलॅनेटवाल्या डिस्कचा झोन ५ मिलिमीटरनं किंवा जास्त मोठा आला की ईएसबीएल नक्की. त्याआधी चाळणी: सेफ्टाझिडिम २२ किंवा कमी, सेफोटॅक्झिम २७ किंवा कमी असेल तोच जंतू पुढच्या चाचणीला घ्यायचा.

कंट्रोल क्लेब्सिएला ७००६०३. हा ईएसबीएल बाळगूनच असतो. आज त्याचे झोन: सेफ्टाझिडिम १३, क्लॅव्ह्युलॅनेटसह २१. सेफोटॅक्झिम १९ आणि २४. अगदी पुस्तकी.

मिरजेच्या पहिल्या सहाही जंतूंची चाळणी पॉझिटिव्ह, पक्की चाचणीही पॉझिटिव्ह. नंबर सहाच्या सेफोटॅक्झिमला झोनच नाही, डिस्क स्वतः ६ मिलिमीटरची, तेवढंच माप. क्लॅव्ह्युलॅनेटशेजारी तोच जंतू २५ वर मागे सरकलेला. प्लेट काळ्या कापडावर ठेवून, तिरप्या उजेडात, मागच्या बाजूनं व्हर्निअर लावून मोजलं. एकीकडे जंतूंची हिरवट दाट लॉन डिस्कच्या काठापर्यंत भिडलेली, दुसरीकडे स्वच्छ गोल. अर्धा तास बघत बसले.

१९ जुलै

पाऊस थांबत नाही. वाळत घातलेला एप्रन तिसऱ्या दिवशीही दमट. होस्टेलच्या भिंतीला बुरशी. इथं सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला लॅबची गरजच नाही.

गेल्या दोन बॅचमध्ये काहीतरी वेगळं दिसतंय. चाळणी पॉझिटिव्ह, पण क्लॅव्ह्युलॅनेटनं झोन वाढत नाही. १२ ला १३, १० ला ११. एक नाही, ओळीनं आठ-नऊ जंतू असे.

मला उत्तर लगेच सुचलं: एएमपीसी. हे दुसऱ्या जातीचं एंझाइम क्लॅव्ह्युलॅनेटला दाद देत नाही. ते जंतूत असेल तर ईएसबीएल असूनही झाकलं जातं. रात्री एक वाजेपर्यंत बसून चर्चेच्या प्रकरणाचं अर्धं पान लिहिलं. "सांगली-मिरज परिसरात एएमपीसीचे प्राबल्य" असं वाक्यही लिहिलं. ते वाक्य इथं मुद्दाम उतरवून ठेवतेय.

२१ जुलै

एएमपीसी असेल तर सेफॉक्सिटिनलाही जंतू जुमानणार नाही, कारण एएमपीसी सेफॉक्सिटिन तोडतं आणि साधं ईएसबीएल तोडत नाही. म्हणून सगळ्यांना सेफॉक्सिटिनची डिस्क लावली.

दोन जंतूंना झोनच नाही. बाकीचे सगळे २१, २३, २२. सेन्सिटिव्ह.

माझं अर्धं पान गेलं.

मॅडमना सगळं दाखवलं. त्यांनी एकही झोन बघितला नाही. विचारलं, "७००६०३ शेवटचा कधी लावला होतास?"

१० तारखेला. त्यानंतर नुसता २५९२२ लावत होते, आणि तो प्रत्येक वेळी ठीक येत होता.

"तो ठीकच येणार," मॅडम म्हणाल्या. "त्याच्याकडे एंझाइमच नाही. क्लॅव्ह्युलॅनेट जिवंत आहे की मेलंय याची त्याला काय फिकीर?"

हे लिहिताना कान गरम होतायत.

२३ जुलै

७००६०३ लावला. सेफ्टाझिडिम १३, क्लॅव्ह्युलॅनेटसह १४. सेफोटॅक्झिम २०, क्लॅव्ह्युलॅनेटसह २०.

कंट्रोल नापास. आता आरोपी दोन. पहिला, जंतूच. ७००६०३ मधलं एंझाइम प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर असतं, आणि पुन्हा पुन्हा सबकल्चर करत राहिलं तर तो प्लाझ्मिड टाकून देऊ शकतो. दुसरा, डिस्क.

मॅडम म्हणाल्या, "सांग कोण." त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि बसल्या. मला दहा मिनिटं लागली. प्लाझ्मिड गेला असता तर जंतू साधा झाला असता, आणि नुसत्या सेफ्टाझिडिमचाच झोन वाढला असता. या स्ट्रेनला तो १० ते १८ मध्ये यायला हवा, आणि १३ आलाय. म्हणजे एंझाइम जागेवर आहे, आपलं काम करतंय. काम करत नाही ते क्लॅव्ह्युलॅनेट.

फ्रीज उघडला. डिस्कच्या नळ्या दारातल्या कप्प्यात, टोमॅटो सॉसची बाटली ठेवतात तिथं. दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. झाकणाचा डबा होता, त्यात सिलिका जेलची पुडी होती. खडे गुलाबी. कोरडे असतात तेव्हा ते निळे असतात. ओल शोषून शोषून भरले की गुलाबी होतात. किती दिवस गुलाबी होते कुणास ठाऊक. मी रोज तो डबा उघडत होते आणि रोज त्या पुडीखालून नळी काढत होते.

त्यात आणखी एक पाप माझं स्वतःचं. नळी फ्रीजमधून काढली की लगेच उघडायची, घाईत. बाहेर जुलैची हवा, नळी थंडगार. उघडताक्षणी आत दव धरतं. सेफ्टाझिडिम ते सोसतं. क्लॅव्ह्युलॅनेट पाण्याशी फार दिवस टिकत नाही. इमिपेनेमचंही तसंच आहे म्हणे, म्हणजे पुढं तीही काळजी.

मामांना खडे दाखवले. "मला वाटलं रंगच त्यो हाय," म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं, फक्त मी बोलले नाही.

२४ जुलै

मिरजेच्या सरांना फोन करायचा होता. त्यातल्या एका जंतूबद्दल मी तोंडी "ईएसबीएल नाही" असं सांगून बसले होते. जीभ जड झाली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सेफ्ट्रायॅक्सोन रेझिस्टंट म्हणून आम्ही आधीच दिलंय. तुमच्या ईएसबीएलनं आमचा रिपोर्ट बदलत नाही." बरोबर आहे. ब्रेकपॉइंट, म्हणजे सेन्सिटिव्ह-रेझिस्टंटची हद्द, खाली आणल्यापासून झोन जो येईल तोच लिहायचा. ईएसबीएलची पक्की चाचणी संसर्ग कसा पसरतोय ते समजायला आणि आमच्यासारख्या प्रकल्पांना. पेशंटला धक्का लागला नाही. पण फोन ठेवल्यावर पंखा चालू असून घाम आला होता.

३० जुलै

नवीन डिस्क आल्या. नवे नियम, भिंतीवर चिकटवले:

साठा डीप फ्रीजरमध्ये, तोही आपोआप बर्फ वितळवणारा नको, कारण त्यात डिस्क रोज थोड्या उबतात आणि पुन्हा गोठतात. चालू नळी फ्रीजच्या आतल्या कप्प्यात, एका आठवड्यापुरती. बाहेर काढली की झाकण न उघडता तासभर टेबलावर. खडे गुलाबी दिसले की मामांना हाक मारायची. ते ओव्हनमध्ये तापवून निळे करून आणतात. ७००६०३ प्रत्येक बॅचबरोबर, आणि तोही ग्लिसरॉलमधल्या मूळ साठ्यातून ताजा.

आजचा कंट्रोल: १३ आणि २१, १९ आणि २५. 

सगळे जंतू पुन्हा लावले. ओळीनं उलटले, म्हणजे ईएसबीएल निघाले. फक्त दोन उलटले नाहीत, तेच सेफॉक्सिटिनला न जुमानणारे. ते एएमपीसी असू शकतात. पेशीच्या भिंतीतली छिद्रं आकसली तरी सेफॉक्सिटिनचा झोन जातो, म्हणून "शक्यता" एवढंच लिहिलंय. या खेपेला अर्धं पान नाही, एक ओळ.

९ ऑगस्ट

धरणातून विसर्ग वाढलाय. कॉलेजचा गट दिवसभर आयर्विन पुलाचे फोटो टाकतोय. ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. हे आकडे सांगलीत पोरासोरांना पाठ असतात, आम्हाला जसे ब्रेकपॉइंट. आमचा डीप फ्रीजर २०१९ च्या महापुरानंतर मामांनी विटांच्या तीन थरांवर चढवलाय. तो अजून तसाच आहे आणि आज त्याबद्दल कुणी हसलं नाही.

१८ ऑगस्ट

कार्बापेनेमेज, म्हणजे मेरोपेनेम, इमिपेनेम अशी कार्बापेनेम औषधं तोडणारं एंझाइम. मिरजेहून एक क्लेब्सिएला आला, कॅथेटरच्या लघवीतला. क-३१. मेरोपेनेमला १६ मिलिमीटर. २३ पासून सेन्सिटिव्ह, १९ आणि खाली रेझिस्टंट. इमिपेनेम १५. सेफ्टाझिडिम, सेफोटॅक्झिम, सेफॉक्सिटिन, सगळ्यांना झोन शून्य. सिप्रोफ्लॉक्सासिनलाही नाही. ॲमिकासिन १४.

अशी प्लेट पहिल्यांदाच बघितली. डिस्क नुसत्या ठेवल्यासारख्या, जंतू त्यांच्या अंगाखांद्यावर.

पूर्वी याला मॉडिफाइड हॉज चाचणी लावायचे. ती एनडीएम या कार्बापेनेमेजला नीट पकडत नाही आणि कधी कधी नसलेलं दाखवते, म्हणून सीएलएसआयनं २०१८ मध्ये काढून टाकली. आमच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत ती अजून आहे.

आता एमसीआयएम. गोष्ट सोपी आहे. २ मिलिलिटर ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये संशयित जंतूचा १ मायक्रोलिटरचा एक लूप, त्यात मेरोपेनेमची १० मायक्रोग्रॅमची डिस्क, ३५ अंशाला ४ तास. जंतूकडे एंझाइम असेल तर तेवढ्या वेळात डिस्कमधलं औषध संपवून टाकतो. मग डिस्क काढून २५९२२ च्या लॉनवर ठेवायची. औषध संपलेलं असेल तर बिचारा २५९२२ सुद्धा डिस्कला चिकटून वाढतो. झोन ६ ते १५ पॉझिटिव्ह, १९ आणि वर निगेटिव्ह, मधला प्रदेश त्रिशंकू.

पावणेबाराला नळ्या आत ठेवल्या. साडेबाराला लाईट गेली. अडीचला आली. जनरेटर फक्त ऑफिसला.

१९ ऑगस्ट

क-३१ चा झोन १७. त्रिशंकू. पॉझिटिव्ह कंट्रोल बीएए-१७०५, जो ६ यायला हवा, तो १२.

नुसता क-३१ बघितला असता तर मी "अनिश्चित" लिहून मोकळी झाले असते. कंट्रोल मागे सरकला म्हणून कळलं की एंझाइमला ऊब मिळाली नाही, त्यानं अर्धवट जेवून ताट सोडलं. बॅच रद्द.

आणखी एक: डिस्क ब्रॉथमधून उचलताना नळीच्या आतल्या कडेला लूपनं दाबून पाणी निथळवायचं असतं. माझ्या एका डिस्कखालून ओघळ गेला आणि लॉनवर शेपटी उमटली. मामा म्हणाले धूमकेतू.

२१ ऑगस्ट

सकाळी सातला सुरू केलं, लाईट जायच्या आधी. क-३१: ६. कंट्रोल: ६. निगेटिव्ह कंट्रोल बीएए-१७०६: २२. आता बोलायला हरकत नाही.

२ सप्टेंबर

क-३१ चं एंझाइम कुठल्या घराण्याचं? जस्तावर चालणारं असेल, म्हणजे मेटॅलो, तर ईडीटीए जस्त पळवून त्याला थंड करतं. याला ईसीआयएम म्हणतात: तीच चाचणी, दुसऱ्या नळीत ०.५ मोलर ईडीटीएचे २० मायक्रोलिटर जादा. ईडीटीएची पूड पाण्यात विरघळेना. तासभर ढवळलं, पांढरं दूधच. मग आठवलं, सोडियम हायड्रॉक्साइडनं पीएच ८ च्या आसपास नेल्याशिवाय ती विरघळत नाही. थेंब थेंब घालत गेले आणि एका थेंबाला सगळं दूध पाणी झालं.

निकाल: ईडीटीएशिवाय ६, ईडीटीएसह १६. फरक ५ किंवा जास्त म्हणजे मेटॅलो.

इथं लोक थेट "एनडीएम आहे" म्हणतात. आपल्याकडे मेटॅलो बहुतेक वेळा तोच असतो हे खरं, पण आयएमपी, व्हीआयएम हेही त्याच घराण्यातले. पीसीआरशिवाय नाव घ्यायचं नाही. मी वहीत "मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, प्रकार अज्ञात" लिहिलंय.

एनडीएम म्हणजे न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज. २००८ मध्ये स्वीडनमधल्या भारतीय वंशाच्या एका पेशंटमध्ये सापडलं. तो आधी दिल्लीत दवाखान्यात होता. २००९ मध्ये निबंध आला, २०१० मध्ये नावावरून देशात गदारोळ. मामांना सांगितलं तर म्हणाले, "मिरजेचं नाव दिलं असतं तर?" मी म्हणाले आपण पण ओरडलो असतो. नावावर ओरडण्यात जो वेळ गेला तो डबे नीट मिटण्यात गेला असता तर, असं एकदा मनात आलं. पण माझ्या डब्यातले खडे आठवून गप्प बसले.

शेवटी हौस म्हणून क-३१ च्या लॉनवर सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम आणि ॲझ्ट्रिओनाम या डिस्क २० मिलिमीटरवर शेजारी ठेवल्या. वेगवेगळ्या दोघीही नापास. पण ॲझ्ट्रिओनामच्या ॲव्हिबॅक्टमकडच्या बाजूला लॉन खाल्ली गेलीय, कुलपाच्या भोकासारखी. कारण सुरेख आहे: मेटॅलो एंझाइम ॲझ्ट्रिओनामला तोडू शकत नाही, ते तोडतं सोबतचं ईएसबीएल, ॲव्हिबॅक्टम त्या ईएसबीएलला धरून ठेवतं आणि ॲझ्ट्रिओनाम सुटतं. डॉक्टर ही दोन औषधं जोडीनं का देतात ते पुस्तकात वाचलं होतं. ते भोक बघितल्यावर पाठ करायची गरज उरली नाही.

१२ सप्टेंबर

गणपतीची सुट्टी आटोपून परत. लॅबमधल्या एका सीनियर दीदीनं विचारलं, "क-३१ ला कोलिस्टिनची डिस्क लाव की, पाच मिनिटांचं काम." नाही. कोलिस्टिनचा रेणू मोठा, आगरमधून नीट सरकत नाही. झोन रेझिस्टंट आणि सेन्सिटिव्ह दोघांचा जवळपास सारखाच येतो. त्या डिस्कचा उपयोग दुसऱ्या रीतीनं होतो. चार काचेच्या नळ्या, प्रत्येकीत १० मिलिलिटर कॅल्शियम-मॅग्नेशियम जुळवलेला म्युलर-हिंटन ब्रॉथ. पहिलीत डिस्क नाही, दुसरीत एक, तिसरीत दोन, चौथीत चार. डिस्क १० मायक्रोग्रॅमची, म्हणजे मिलिलिटरला ०, १, २, ४. अर्धा तास तसंच ठेवून औषध उतरू द्यायचं, मग जंतूंच्या द्रावणाचे ५० मायक्रोलिटर.

सकाळी क-३१: ० गढूळ, १ गढूळ, २ स्वच्छ, ४ स्वच्छ. म्हणजे एमआयसी (जंतू रोखणारं सगळ्यात कमी प्रमाण) २. दीदी म्हणाली, "सेन्सिटिव्ह!" पण कोलिस्टिनला सीएलएसआयनं २०२० पासून "सेन्सिटिव्ह" हा खानाच ठेवलेला नाही. २ आणि खाली इंटरमिजिएट, ४ आणि वर रेझिस्टंट. औषध इतकं अवघड आणि मूत्रपिंडाला इतकं जड की चांगला शेरा द्यायचाच नाही असं ठरवलंय.

याच बॅचमध्ये क-२६ च्या चारही नळ्या दह्यासारख्या. काळजात धस्स झालं. कोलिस्टिन निकामी करणारा एमसीआर जीन असेल? २०१५ मध्ये चीनमध्ये आधी डुकरांत आणि मांसात सापडला तो. आपल्याकडे २०१९ मध्ये कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात कोलिस्टिन बंद झालं ते याच धास्तीनं. मॅडमकडे धावले. मॅडमनी वही मागं उलटली. क-२६ म्हणजे प्रोटियस. प्रोटियस जन्मतःच कोलिस्टिनला दाद देत नाही. वास येत होता ना, असं मॅडम म्हणाल्या. येत होता.

१० ऑक्टोबर

मॅडमशी पहिल्यांदा वाद.

प्रबंधाच्या साच्यात एक तक्ता आहे: "ईएसबीएलचे प्रमाण, टक्के." मॅडमना तो भरलेला हवा, बाहेरचे परीक्षक तोच आधी बघतात. मी म्हणाले भरायचा नाही. मिरजेच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वेगळं दिसेल ते बाजूला ठेवतो. म्हणजे माझ्या डब्यात आधीच निवडलेले जंतू आले. साध्या, सगळ्या औषधांना मरणाऱ्या ई. कोलायनं थर्मोकोलचा डबा कधी बघितलाच नाही. यातून टक्के काढले तर ते सांगलीचे नाहीत, सरांच्या नजरेचे. आणि ते टक्के उद्या कुणीतरी "सांगली जिल्ह्यात" म्हणून उचलणार, हे मला माझ्या १९ जुलैच्या वाक्यावरून माहीत आहे.

मॅडम बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तक्त्याच्या जागी काय टाकणार?" मी म्हणाले प्रत्येक जंतूची ओळ, सगळे झोन, आणि त्याच दिवशीच्या कंट्रोलचे झोन शेजारी. रद्द झालेल्या बॅचसकट. "परीक्षक चिडतील," म्हणाल्या. नाही म्हणाल्या नाहीत.

१७ ऑक्टोबर

तक्ता टाइप करतेय. १४ ते २१ जुलैच्या ओळी राखाडी केल्या, खोडल्या नाहीत. शेजारच्या रकान्यात "कंट्रोल लावला नाही" असं आठ वेळा लिहावं लागलं. कॉपी-पेस्ट न करता आठही वेळा टाइप केलं.

आण्णांचा फोन होता. डाळिंबावर पुन्हा डाग दिसतायत. विचारत होते, "तुझ्या त्या चाळणीत आपला तेल्या लावून बघता येतोय का, कुठलं औषध चालतंय ते?" म्युलर-हिंटनवर तो कसा वाढतो, किती अंशाला ठेवायचा, ब्रेकपॉइंट तर कुणी ठरवलेलेच नाहीत, असं काय काय मी सांगायला लागले. मग थांबून मीच म्हणाले, डाग पडलेली चार पानं कागदी पिशवीत घालून पाठवा. प्लॅस्टिकच्या नको. ओल धरते.

२० ऑक्टोबर

क-३१ आणि दोन्ही सेफॉक्सिटिनवाले ग्लिसरॉलमध्ये, प्रत्येकी तीन नळ्या, विटांवरच्या फ्रीजरमध्ये वरच्या खणात. प्रायमरचे पैसे मंजूर झाले तर पुढच्या बॅचच्या मुलीला तिथून सुरू करता येईल. जुन्या प्लेट सगळ्या ऑटोक्लेव्ह केल्या, १२१ अंश, तीन फेऱ्या.

आजचा ७००६०३: १४ आणि २२, १९ आणि २४. खडे निळे.

पाणसळ अजून मामांच्या कपाटात आहे. मेव्हण्यांचा दोनदा फोन येऊन गेला.